कक्षा तिरकी निघाली म्हणून चकती खोटी ठरत नाही

दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांविषयी एक मजकूर सध्या मोठ्या प्रमाणावर एकमेकांना पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: तारा आणि त्याचे ग्रह वायू व धुळीच्या एकाच फिरत्या चकतीतून जन्मतात असे आपल्याला शिकवले गेले, परंतु प्रत्यक्षात अन्य ताऱ्यांभोवतीच्या बहुसंख्य कक्षा तिरक्या, उभ्या किंवा उलट दिशेच्या आहेत; ग्रहांच्या याद्यांमध्येच कक्षेचा कल ८५ ते ९० अंश असा नोंदलेला आहे; तारा मोठ्या दुर्बिणीतूनही ठिपकाच दिसतो, त्यामुळे त्याचा अक्ष कोणीकडे झुकलेला आहे हे कोणी मोजलेले नाही; २०१० मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी सिद्धांत उलटा झाल्याची कबुली दिली आणि नंतर ती झाकून ठेवली; सबब चकतीचा सिद्धांत मोडीत निघाला असून आपली सपाट सूर्यमाला हा विश्वातला एकमेव अपवाद आहे.

हा मजकूर संपूर्ण खोटा असता तर त्याचे उत्तर दोन ओळींत देता आले असते. पण त्यात एक खरी आणि अतिशय महत्त्वाची गोष्ट आहे. तिरक्या आणि उलट्या कक्षा खरोखरच सापडल्या आहेत आणि त्यांनी ग्रहशास्त्रातले एक सोपे, सुबक चित्र कायमचे बदलले आहे. चुकीचे आहेत ते त्या शोधातून काढलेले निष्कर्ष, आणि ते का चुकतात हे समजून घेतले तर मूळ शोधाची किंमतही नीट कळते. म्हणून प्रत्येक मुद्दा वेगळा तपासू. सुरुवातीलाच एक विसंगती मात्र नोंदवली पाहिजे: ताऱ्याचा अक्ष मोजताच येत नाही, हे आणि बहुसंख्य ग्रह ताऱ्याच्या मानाने तिरके आहेत, हे अशी दोन विधाने हा मजकूर शेजारी शेजारी करतो. पहिले खरे असेल तर दुसरे कोणालाही कळणे शक्य नाही.

याद्यांमधल्या ८५ ते ९० अंशांचा मुद्दा सर्वांत जास्त पटणारा वाटतो, कारण तो आकडा कोणालाही उघडून पाहता येतो. आकडा खरा आहे, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा आहे. याद्यांमध्ये दिलेला हा कल ताऱ्याच्या विषुववृत्तापासून मोजलेला नसतो. तो आपल्या दृष्टिरेषेला काटकोनात असलेल्या आकाशाच्या प्रतलापासून मोजलेला असतो. एखादी कक्षा घड्याळाच्या तबकडीसारखी पूर्ण समोरून दिसत असेल तर तो कोन शून्य, आणि कडेवरून, म्हणजे रेषेसारखी दिसत असेल तर ९० अंश. आता ज्ञात ग्रहांपैकी बहुतांश ग्रह अधिक्रमणाच्या पद्धतीने, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो त्यावरून, सापडले आहेत. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना दिसायचा तर त्याची कक्षा आपल्याला कडेवरूनच दिसायला हवी. म्हणजेच ९० अंशांच्या आसपासचा कल हा त्या ग्रहांचा गुणधर्म नसून आपल्या निवडीच्या पद्धतीचा परिणाम आहे. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याजवळच्या निरीक्षकाने पृथ्वीला सूर्यासमोरून जाताना पाहिले, तर तोही पृथ्वीच्या कक्षेचा कल सुमारे ९० अंश असाच लिहील. त्यावरून पृथ्वी सूर्याच्या ध्रुवांवरून फिरते असा निष्कर्ष काढला, तर तो जितका चुकीचा ठरेल तितकाच हा निष्कर्ष चुकीचा आहे.

या गोंधळाचे मूळ ‘तिरकेपणा’ या एका शब्दाने अनेक वेगवेगळे कोन सांगितले जातात यात आहे. कक्षेचा आकाशाशी असलेला कोन हा एक. कक्षेचा ताऱ्याच्या विषुववृत्ताशी असलेला कोन हा दुसरा, आणि प्रस्तुत वादात खरा महत्त्वाचा तोच. एकाच ताऱ्याच्या दोन ग्रहांच्या कक्षांमधला परस्पर कोन हा तिसरा. ग्रहाचा स्वतःचा अक्ष त्याच्या कक्षेशी जो कोन करतो तो चौथा. युरेनसचा ९८ अंश हा आकडा या चौथ्या प्रकारचा आहे आणि त्याच्या कक्षेबद्दल तो काहीच सांगत नाही. युरेनसची कक्षा इतर ग्रहांच्या कक्षांशी जवळजवळ समतल आहे.

‘तारा ठिपका दिसतो, मग त्याचा अक्ष कसा कळणार?’ हा प्रश्न मात्र मनापासून विचारण्यासारखा आहे, आणि त्याचे उत्तर या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग आहे, असे मला वाटते. तारा स्वतःभोवती फिरतो, तेव्हा त्याची एक बाजू आपल्याकडे येत असते आणि दुसरी आपल्यापासून दूर जात असते. येणाऱ्या बाजूचा प्रकाश डॉप्लर परिणामामुळे वर्णपटाच्या निळ्या टोकाकडे आणि जाणाऱ्या बाजूचा तांबड्या टोकाकडे किंचित सरकतो. ठिपक्यात या दोन्ही बाजू मिसळलेल्या असतात, म्हणून एरवी वर्णपटातल्या रेषा फक्त थोड्या रुंद दिसतात. परंतु ग्रह ताऱ्यासमोरून जाऊ लागला की तो ताऱ्याच्या पृष्ठभागाचा एकेक तुकडा क्रमाने झाकतो. त्याने आधी येणारी बाजू झाकली तर उरलेल्या प्रकाशात जाणाऱ्या बाजूचे पारडे जड होते आणि सगळा तारा क्षणभर आपल्यापासून दूर जात असल्यासारखा भासतो. नंतर ग्रह दुसऱ्या बाजूवर गेला की भास उलटा होतो. ताऱ्याच्या परिवलनाच्याच दिशेने फिरणारा ग्रह हा क्रम देतो. उलट दिशेने फिरणारा ग्रह नेमका उलटा क्रम देतो. तिरका जाणारा ग्रह बहुतांश वेळ एकाच बाजूवर राहत असेल तर भासही एकाच बाजूचा होतो. ठिपक्याचे चित्र काढावे लागत नाही. ग्रहाची सावलीच त्या ठिपक्यावरून बोट फिरवते आणि कोणती बाजू कोणीकडे वळते आहे हे सांगते.

ही युक्ती बाह्यग्रहांसाठी, म्हणजे अन्य ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांसाठी, शोधलेली नाही. रिचर्ड रॉसिटर आणि डीन मॅकलॉफलिन यांनी १९२४ मध्ये, एकमेकांना झाकणाऱ्या जोडताऱ्यांच्या अभ्यासात, हा परिणाम दाखवून दिला होता आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी १९९५ मध्ये जाहीर केला. त्यानंतर पाच वर्षांनी, २००० मध्ये, केलोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचडी २०९४५८ या ताऱ्यावर हा परिणाम प्रथमच एका ग्रहामुळे घडताना मोजला. मापाचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशेब पाहू: सूर्याच्या विषुववृत्ताचा वेग सेकंदाला सुमारे २ किलोमीटर आहे आणि गुरूएवढा ग्रह सूर्याचा सुमारे १ टक्का भाग झाकतो, म्हणजे भासमान वेगात सेकंदाला सुमारे २० मीटर या प्रमाणाचा फरक पडतो. सेकंदाला एखादा मीटर ओळखणाऱ्या वर्णपटमापकांना तो स्पष्ट दिसतो. हा अंदाज नव्हे, मोजमाप आहे.

या मोजमापालाही मर्यादा आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या पद्धतीतून कोनाचा आकाशाच्या प्रतलावर पडणारा भागच थेट मिळतो. ताऱ्याचा ध्रुव आपल्याकडे झुकलेला असेल तर प्रत्यक्ष कोन दिसतो त्याहून वेगळा असू शकतो. तो काढायला ताऱ्याच्या परिवलनाचा काळ आणि वर्णरेषांची रुंदी यांची जोड द्यावी लागते. मात्र सगळा भार या एकाच पद्धतीवर नाही. केप्लर-३० या ताऱ्याच्या बाबतीत २०१२ मध्ये संशोधकांनी ग्रह ताऱ्यावरच्या डागांवरून जाताना प्रकाशात होणारे लहान चढउतार वापरले. केप्लर-५६ च्या बाबतीत २०१३ मध्ये ताऱ्याच्या कंपनांवरून त्याच्या अक्षाची दिशा काढली गेली. वेगाने फिरणारे तप्त तारे विषुववृत्तापाशी फुगतात आणि ध्रुवांपाशी अधिक तेजस्वी असतात. त्यामुळे केल्ट-९ सारख्या ताऱ्यासमोरून ग्रह जाताना प्रकाशातली घट असमान होते आणि त्या असमानतेवरूनही कोन कळतो. बीटा पिक्टोरिस या ताऱ्याचा अक्ष तर अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून मोजला गेला आणि तिथला ग्रह ताऱ्याच्या विषुववृत्ताशी जुळलेला आढळला. वेगवेगळ्या भौतिक तत्त्वांवर उभ्या असलेल्या या पद्धती आहेत. त्या सगळ्याच एका अंदाजाची रूपे आहेत, असे म्हणता येत नाही.

आता २०१० ची ‘कबुली’. त्या वर्षी एप्रिलमध्ये ग्लासगो येथे भरलेल्या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संमेलनात नऊ नवे ग्रह जाहीर करण्यात आले. जुन्या निरीक्षणांसह एकूण २७ ग्रहांचा विचार केला असता निम्म्याहून अधिक ग्रह ताऱ्याच्या परिवलनाशी न जुळणाऱ्या कक्षेत आणि सहा ग्रह उलट दिशेने फिरत असल्याचे सांगितले गेले. त्याआधी, २००९ च्या ऑगस्टमध्ये, वास्प-१७ आणि हॅट-पी-७ या ताऱ्यांभोवतीच्या उलट्या ग्रहांची बातमी आलेलीच होती. युरोपीय दक्षिण वेधशाळेने २०१० च्या निवेदनाला ग्रहांचा सिद्धांत उलटा झाल्याचेच शीर्षक दिले, आणि ते आजही कोणालाही वाचता येते. निवेदन काढून, संमेलनात सांगून, शोधनिबंध छापून आणि पुढे शेकडो ताऱ्यांवर तेच मोजमाप करून एखादी गोष्ट लपवली जात नाही.

परंतु त्या निवेदनात नेमका कोणता सिद्धांत उलटा झाला होता, हे मजकूर सांगत नाही, आणि सगळा अनर्थ तिथे आहे. ते २७ ग्रह ‘तप्त गुरू’ या वर्गातले होते: आकाराने गुरूसारखे, पण ताऱ्याच्या अगदी जवळ, काही दिवसांतच एक फेरी पूर्ण करणारे. इतक्या जवळ असे ग्रह घडणे कठीण असल्याने ते दूर घडून नंतर आत आले असावेत, असे मानले जात होते. आत येण्याची जी पद्धत तोवर सर्वाधिक मान्य होती, तिच्यात ग्रह चकतीतल्या वायूशी होणाऱ्या परस्परक्रियेमुळे हळूहळू, चकतीच्या प्रतलातच, आत सरकतो. तसे झाले असते तर कक्षा ताऱ्याच्या विषुववृत्ताशी जुळलेली राहायला हवी होती. तिरक्या कक्षांनी धक्का दिला तो या स्थलांतराच्या चित्राला. ग्रह चकतीत जन्मतो की नाही, हा प्रश्न त्या निरीक्षणांनी विचारलाही नव्हता.

शिवाय ‘निम्म्याहून अधिक’ हे प्रमाण कशाचे, हेही पाहिले पाहिजे. तप्त गुरू मोठे असतात, वारंवार ताऱ्यासमोरून जातात आणि ठळक परिणाम देतात, म्हणून सर्वांत आधी त्यांचीच मोजमापे झाली; परंतु सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांमागे असा ग्रह जेमतेम एखाद्याकडे असतो. जो वर्ग मुळात दुर्मीळ आहे आणि ज्याचा पूर्वेतिहास बहुधा खळबळजनक आहे, त्यावरून सगळ्या ग्रहमालांचे प्रमाण काढता येत नाही. त्याच वर्षी, म्हणजे २०१० मध्ये, खगोलशास्त्रज्ञ जोशुआ विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मोठे तिरकेपण प्रामुख्याने सुमारे ६,२५० केल्विनपेक्षा जास्त तापमानाच्या ताऱ्यांभोवती आढळते. त्याहून थंड ताऱ्यांजवळचे तप्त गुरू बहुतेक वेळा जुळलेले असतात. थंड ताऱ्यांच्या बाह्य थरात खळबळणाऱ्या वायूचा जाड पट्टा असतो आणि तिथे भरती-ओहोटीची बले अधिक परिणामकारक ठरून कालांतराने कोन कमी करतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे आज मोजलेला कोन जन्माच्या वेळचा असेलच असे नाही. जवळच्या ग्रहांच्या बाबतीत तर तो बदलत आलेला असण्याचीच शक्यता अधिक.

मग सपाट चकतीतून सुरुवात करून ग्रह उलटा कसा होतो? ‘उलटी कक्षा म्हणजे चकती खोटी’ या विधानाचा निकाल या प्रश्नावर लागतो. एक मार्ग असा की, दोन किंवा अधिक मोठे ग्रह एकमेकांच्या फार जवळ येतात, त्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या झटापटीत एखादा बाहेर फेकला जातो आणि उरलेल्याची कक्षा लांबट व तिरकी होते. दुसरा मार्ग लिडोव्ह आणि कोझाई या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतंत्रपणे मांडलेल्या गणितातून निघतो. दूरवरच्या एखाद्या साथीदाराची कक्षा ग्रहाच्या कक्षेशी सुमारे ३९ अंशांहून मोठा कोन करत असेल, तर ग्रहाच्या कक्षेचा तिरकेपणा आणि लांबटपणा यांची दीर्घ काळ देवाणघेवाण चालते. कक्षा खूप लांबट झाली की ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळून जातो, तिथल्या भरती-ओहोटीच्या बलांनी त्याची ऊर्जा खर्च होते, आणि अखेरीस तो लहान, गोल, पण तिरक्या कक्षेत स्थिरावतो.

हे केवळ कागदावरचे गणित नाही, कारण या प्रवासाच्या मधल्या टप्प्यावरचे ग्रह आकाशात दिसतात. एचडी ८०६०६ या जोडताऱ्यातल्या ताऱ्याभोवतीचा ग्रह १११ दिवसांत एक फेरी करतो; त्याच्या कक्षेची विकेंद्रता, म्हणजे लांबटपणाचे माप (गोल कक्षेसाठी शून्य, अतिशय लांबट कक्षेसाठी १ च्या जवळ), ०.९३ इतकी प्रचंड आहे आणि ती कक्षा ताऱ्याच्या विषुववृत्ताशी सुमारे ४० अंशांनी तिरकी आहे. टीआयसी २४१२४९५३० या ताऱ्याचा ग्रह २०२४ मध्ये जाहीर झाला. त्याची विकेंद्रता ०.९४, फेरीचा काळ सुमारे १६६ दिवस, दिशा उलटी, आणि त्याच्या ताऱ्यालाही साथीदार तारा आहे. आधीच्या स्पष्टीकरणाला जे दुवे हवे होते, नेमके तसेच हे दोन ग्रह आहेत.

तिसरा मार्ग मजकुराच्या दृष्टीने सर्वांत अडचणीचा आहे, कारण त्यात ग्रहांची माला सपाटच राहते आणि तरीही ताऱ्याशी तिरकी असते. के२-२९० ही तीन ताऱ्यांची प्रणाली आहे. तिच्यातल्या मुख्य ताऱ्याभोवती दोन ग्रह परस्परांशी समतल कक्षांत फिरतात, परंतु दोघेही ताऱ्याच्या परिवलनाशी सुमारे १२४ अंशांचा कोन करतात; हा कोन ९० अंशांहून मोठा आहे, म्हणजे दोघेही उलट दिशेने फिरतात. झटापटीने एखादा ग्रह उलटा होऊ शकतो. दोन ग्रह एकाच प्रतलात राहून एकत्र उलटे होणे त्या मार्गाने फार अवघड आहे. म्हणून २०२१ मध्ये हे मोजमाप प्रसिद्ध करणाऱ्यांनी असा निष्कर्ष काढला की, ग्रह जन्मत असतानाच साथीदार ताऱ्याने संपूर्ण चकती कलंडवली असावी. केप्लर-५६ मध्येही दोन समतल ग्रह ताऱ्याच्या विषुववृत्ताशी सुमारे ४५ अंशांवर आहेत. अशा मालांमधली परस्पर समतलता हीच त्या चकतीची खूण आहे. ज्यांना चकतीविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे केले जाते, ते चकतीच्या बाजूने साक्ष देत आहेत.

चकत्या तर प्रत्यक्ष दिसतातही. पीडीएस ७० या तरुण ताऱ्याच्या चकतीतल्या रिकाम्या पट्ट्यात घडत असलेल्या ग्रहाची प्रतिमा २०१८ मध्ये मिळाली, आणि पुढच्या वर्षी तिथेच दुसरा ग्रह सापडला. जीडब्ल्यू ओरायनिस या तीन ताऱ्यांच्या प्रणालीत चकती तुटून तिची कडी वेगवेगळ्या प्रतलांत वळलेली २०२० मध्ये दिसली. म्हणजे चकती कलंडते, वाकते, तुटते, हे आता छायाचित्रांत पाहता येते. बदलले ते एवढेच की, चकती जन्मापासून शेवटपर्यंत ताऱ्याच्या विषुववृत्ताशी जुळून राहतेच, हे गृहीतक आता धरून चालता येत नाही. कांट आणि लाप्लास यांनी अठराव्या शतकात मांडलेल्या तेजोमेघाच्या कल्पनेत ते सहज गृहीत धरले गेले होते, कारण तुलनेला एकच माला उपलब्ध होती.

राहिला सूर्यमालेच्या अपवादाचा मुद्दा. सूर्यमाला मजकुरात म्हटले आहे तितकी काटेकोर जुळलेलीही नाही. सूर्याचे विषुववृत्त पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ७ अंशांचा कोन करते, प्लूटोची कक्षा १७ अंशांनी तिरकी आहे, आणि हॅलेचा धूमकेतू सूर्याभोवती उलट दिशेने फिरतो. दुसऱ्या बाजूला सपाट माला भरपूर आहेत. ट्रॅपिस्ट-१ चे सात ग्रह जवळजवळ एकाच प्रतलात आहेत. केप्लर-३० चे तीन ग्रह परस्परांशीही आणि ताऱ्याशीही जुळलेले आहेत. केप्लर दुर्बिणीने एकाहून अधिक ग्रह अधिक्रमण करतात असे शेकडो तारे शोधले आणि त्यांच्या कक्षांमधला परस्पर कोन साधारणपणे काही अंशांचाच निघाला. इथेही निवडीचा दोष आहे, हे मान्य केले पाहिजे: ज्या मालेत कक्षा एकमेकींशी फार तिरक्या असतील, तिथे आपल्याला एकच ग्रह दिसेल आणि ती माला या गणनेतून सुटेल. तशा माला आहेतही. अप्सायलन अँड्रोमेडीच्या दोन ग्रहांच्या कक्षांमध्ये सुमारे ३० अंशांचा कोन मोजला गेला आहे, आणि एचडी ३१६७ मध्ये आतला ग्रह ताऱ्याशी जुळलेला तर बाहेरचा जवळजवळ ध्रुवांवरून जाणारा आहे. विविधता खरी आहे. ‘एकमेव अपवाद’ हे मात्र खरे नाही.

सूर्यमाला नेमकी किती सामान्य आहे, हे ठरवायला आणखी एका तुलनेची गरज आहे, आणि ती अवघड आहे. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला तर आधी सांगितलेला भासमान वेग सेकंदाला २० मीटरांऐवजी अवघे १७ सेंटिमीटर भरतो. गुरूच्या अंतरावरचा गुरूएवढा ग्रह ठळक परिणाम देईल, पण तो बारा वर्षांतून एकदा ताऱ्यासमोर येईल, तेही कक्षेची मांडणी आपल्या दृष्टिरेषेत असेल तर. अशी मांडणी हजार ताऱ्यांमागे सुमारे एकाच्या वाट्याला येते. आजवर मोजलेले बहुतेक कोन ताऱ्याला चिकटून असलेल्या ग्रहांचे आहेत. बुधाच्या कितीतरी आत फिरणाऱ्या त्या ग्रहांशी आपल्या गुरू-शनीची तुलना करून कोणाला अपवाद ठरवणे हे अर्धी मोजणी झाली असताना निकाल लावण्यासारखे आहे.